काचबिंदूसाठी प्रोस्टाग्लँडिन ड्रॉप्स

काचबिंदू म्हणजे ग्लॉकोमा निघाला की डॉक्टर बऱ्याचदा सगळ्यात आधी जे औषध लिहून देतात ते म्हणजे प्रोस्टाग्लँडिन गटातले डोळ्याचे ड्रॉप्स, रोज रात्री एक थेंब. लॅटानोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट, बिमॅटोप्रोस्ट, टॅफ्लुप्रोस्ट ही त्यातली नेहमीची नावं, सगळ्यांच्या शेवटी 'प्रोस्ट' येतं, त्यामुळे बाटलीवर कंपनीचं नाव काहीही असू दे, आतलं औषध याच घराण्यातलं आहे का ते लगेच कळतं. हे ड्रॉप्स डोळ्यातलं प्रेशर कमी करतात आणि त्यामुळे डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नस आणखी खराब होण्याचा वेग मंदावतो. गेलेली नजर मात्र परत येत नाही. हे पहिल्याच दिवशी पेशंटला नीट सांगायला हवं, नाहीतर माणूस दोन महिने ड्रॉप्स टाकतो, काहीच फरक दिसत नाही म्हणतो आणि बंद करून टाकतो.

आता हे काम कसं करतं ते बघू. डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा एक द्रव सतत तयार होत असतो, हे अश्रू नव्हेत, अश्रू बाहेरून वाहतात आणि हा आतल्या आत फिरतो. बुबुळाच्या मागे सिलिअरी बॉडी नावाचा भाग आहे तिथे तो बनतो, बाहुलीतून पुढे येतो आणि बाहेर जायला त्याला दोन वाटा असतात. मोठी वाट म्हणजे कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) आणि बुबुळ जिथे मिळतात त्या कोपऱ्यातली बारीक जाळी. दुसरी वाट म्हणजे सिलिअरी स्नायूच्या धाग्यांमधून हळूहळू झिरपत जाणं. काचबिंदूच्या नेहमीच्या प्रकारात त्या जाळीतून निचरा नीट होत नाही, आत पाणी तुंबतं आणि प्रेशर वाढतं. प्रोस्टाग्लँडिन मुख्यतः दुसरी वाट मोकळी करतं, म्हणजे स्नायूच्या पेशींवर औषध ओळखणारी जी जागा असते, रिसेप्टर, तिला जाऊन चिकटतं, मग तिथे काही एन्झाइम्स वाढतात आणि धाग्यांच्या मधलं कोलॅजन नावाचं प्रथिन विरघळवून फटी रुंद करतात. पाणी तयार होणं त्याने कमी होत नाही, ते काम टिमोलॉलसारखी औषधं करतात, म्हणूनच एकाने भागलं नाही तर दोन्ही एकत्र देता येतात आणि दोन्ही एकाच बाटलीत असलेले ड्रॉप्सही मिळतात.

थेंब टाकल्यावर तीन-चार तासांत प्रेशर उतरायला लागतं आणि ८ ते १२ तासांनी सगळ्यात खाली असतं. एकूण २५ ते ३३ टक्के घट मिळते, म्हणजे प्रेशर २४ असेल तर १७ च्या आसपास येतं, आणि मुख्य म्हणजे हा परिणाम दिवसाही टिकतो आणि रात्रीही, टिमोलॉल रात्री झोपेत फारसं काम करत नाही. दिवसातून एकच थेंब पुरतो. जास्त चांगलं म्हणून दोनदा टाकलं तर उलट परिणाम कमी होतो, आणि एखाद्या रात्री राहून गेलं तर दुसऱ्या रात्री दोन थेंब टाकायचे नाहीत, नेहमीचा एकच टाकायचा.

या औषधाचा इतिहास मला फार आवडतो. प्रोस्टाग्लँडिन हे नाव १९३५ साली स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी दिलं, हा पदार्थ प्रोस्टेट ग्रंथीतून येतो असं तेव्हा वाटलं होतं म्हणून. पुढे कळलं की प्रोस्टाग्लँडिन शरीरात जवळपास सगळीकडे बनतं आणि सूज-जळजळ यात त्याचा हात असतो, सशाच्या डोळ्यात जास्त प्रमाणात टाकलं तर डोळा लाल होतो आणि प्रेशर वाढतं, त्यामुळे काचबिंदूवर हे औषध होईल असं कोणाच्या डोक्यात येणं अवघडच होतं. पण कोलंबिया विद्यापीठात लास्लो बिटो आणि कार्ल कॅमरस यांनी डोस अगदी कमी करून बघितला आणि प्रेशर चक्क खाली आलं, हे त्यांनी १९७७ मध्ये छापलं. सुरुवातीची रूपं डोळ्याला फार झोंबायची, मग स्वीडनमध्ये रेणूत बदल करत करत लॅटानोप्रोस्ट तयार झालं आणि १९९६ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. पण प्रेशर उतरतं म्हणजे नजर वाचतेच का, हा प्रश्न होताच. त्याचं थेट उत्तर २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या ५१६ पेशंटच्या अभ्यासातून आलं, अर्ध्यांना लॅटानोप्रोस्ट आणि अर्ध्यांना औषध नसलेले ड्रॉप्स, दोन वर्षांत औषध नसलेल्या ड्रॉप्सवाल्यांपैकी २५.६ टक्के लोकांचं नजरेचं क्षेत्र आणखी कमी झालं आणि औषधवाल्यांमध्ये १५.२ टक्के.

थेंब टाकायची पद्धत लहान गोष्ट वाटते पण बरंचसं औषध तिथेच वाया जातं. हात धुवायचे, मान मागे करायची, खालची पापणी बोटाने ओढून छोटा खिसा करायचा आणि बाटलीचं टोक कशालाही न लावता एक थेंब त्या खिशात सोडायचा. मग डोळा हलकेच मिटायचा, मिचकवायचा नाही, आणि नाकाकडच्या कोपऱ्यावर बोट दाबून दोनेक मिनिटं बसायचं म्हणजे औषध नाकात, घशात उतरत नाही. दुसरा थेंब जास्तीचा टाकून उपयोग नाही कारण डोळ्यात एका थेंबाएवढीही जागा धड नसते, उरलेलं गालावर येतं. ते लगेच पुसायचं, कारण रोज तिथे औषध लागत राहिलं तर कातडी काळवंडते आणि बारीक केस येतात. दुसरे कुठले ड्रॉप्स असतील तर मध्ये निदान पाच मिनिटं जाऊ द्यायची, कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढायच्या आणि १५ मिनिटांनी परत घालायच्या. लॅटानोप्रोस्टची न उघडलेली बाटली सहसा फ्रिजमध्ये ठेवतात, उघडल्यावर चार ते सहा आठवड्यांत बदलायची, नक्की किती ते बाटलीच्या कागदावर असतं.

साइड इफेक्ट्समध्ये सगळ्यात जास्त दिसते ती लाली, ती बऱ्याच जणांना पहिल्या काही आठवड्यांत कमी होते. मग पापण्यांचे केस लांब, दाट, काळे होतात, आणि औषध एकाच डोळ्यात चालू असेल तर आरशात दोन्ही डोळे वेगळे दिसायला लागतात, एकाच्या पापण्या गालापर्यंत येतील अशा आणि दुसऱ्याच्या नेहमीच्या. याच गुणामुळे बिमॅटोप्रोस्टला २००८ मध्ये पापण्या वाढवण्यासाठी वेगळी मंजुरी मिळाली. हिरवट-तपकिरी किंवा मिश्र रंगाचं बुबुळ गडद होऊ शकतं आणि तो बदल कायमचा असतो, पूर्ण गडद तपकिरी बुबुळात तो सहसा लक्षात येत नाही. वर्षानुवर्षं वापरल्यावर डोळ्याभोवतीची चरबी कमी होऊन वरच्या पापणीत खोबण पडते, हे कमी सांगितलं जातं पण सांगायला हवं. काहींना बाटलीतल्या प्रिझर्व्हेटिव्हनेच डोळे चुरचुरतात, त्यांच्यासाठी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले ड्रॉप्स असतात. डोळ्यात आत सूज असेल, पूर्वी डोळ्याला हर्पीसचा संसर्ग झाला असेल, मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये गुंतागुंत झाली असेल किंवा बाई गरोदर असेल तर डॉक्टरला आधीच सांगायचं. आणि अचानक डोळा प्रचंड दुखून लाल होतो, दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं, उलटी होते, तो काचबिंदूचा वेगळा, तातडीचा प्रकार आहे, तिथे या ड्रॉप्सची वाट बघत बसायचं नाही, लगेच हॉस्पिटल गाठायचं.

खरी अडचण औषधात नाही, रोज टाकण्यात आहे. दुखत नाही, खुपत नाही, टाकलं तरी नजर तीच आणि नाही टाकलं तरी उद्या सकाळी नजर तीच, त्यामुळे विसरणं फार सोपं. बरेच जण तपासणीच्या आधीचे चार दिवस नेमाने टाकतात, मग प्रेशर चांगलं दिसतं आणि फील्ड टेस्ट म्हणजे नजरेच्या क्षेत्राची तपासणी मात्र बिघडत जाते, अशा वेळी डॉक्टरला खरं सांगितलेलं बरं, नाहीतर विनाकारण दुसरं औषध वाढतं. रात्री ब्रश करताना टाकायचं अशी कुठल्यातरी रोजच्या कामाशी सांगड घातली तर जमतं. ज्यांचा हात थरथरतो किंवा संधिवाताने बाटली दाबता येत नाही त्यांना घरातल्या कोणीतरी टाकून द्यावं. ज्यांना हे जमतच नाही त्यांच्यासाठी जाळीवर लेझर करण्याचा पर्याय आहे, २०१९ च्या एका मोठ्या ब्रिटिश अभ्यासात लेझरने सुरुवात केलेल्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश लोकांना तीन वर्षं ड्रॉप्स लागलेच नाहीत. शिवाय डोळ्याच्या आत बसवायची बारीक इम्प्लांट्स आली आहेत, बिमॅटोप्रोस्टचं २०२० मध्ये आणि ट्रॅव्होप्रोस्टचं २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, औषध तेच, फक्त ते आतून महिनोन्महिने थोडं थोडं सुटत राहतं.