लाईट गेली तरी पोचणारी फाइल

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि दुकानांचे तळमजले बुडाले. माल गेला, फर्निचर गेलं, टेबलावरचे संगणकही गेले. ज्यांच्या हिशेबाची दुसरी प्रत त्याच टेबलाच्या खणातल्या पेनड्राइव्हवर होती, त्यांच्या दोन्ही प्रती एकाच पाण्यात गेल्या. त्याच्या आदल्या वर्षी, 3 जून 2020 ला, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा दापोली-मंडणगडकडची कित्येक गावं बरेच दिवस अंधारात होती.

दुसरी प्रत गावाबाहेर हवी, हे आता कोणाला पटवावं लागत नाही. क्लाउडवर जागा भाड्यानं मिळते आणि ती महागही नाही. खरा प्रश्न पुढचा आहे. ती प्रत रोज रात्री, कोणी न सांगता, कोणाच्या हाती न लागता तिथपर्यंत जायची कशी? आणि कोकणात तर लाईट जाणार, नेट तुटणार, हे आधीच धरून चालावं लागतं. माझं ठाम मत आहे की फाइल पाठवण्याच्या यंत्रणेची पारख ती सुरळीत दिवशी किती वेगानं चालते यावर करू नये. अर्ध्यात तुटल्यावर ती काय करते, ते पाहावं.

रत्नागिरीजवळच्या मिरजोळे एमआयडीसीत मासळीवर प्रक्रिया होते. अशा एखाद्या कारखान्याचा सर्व्हर डोळ्यांसमोर आणा. त्यात बिलं असतात, निर्यातीची कागदपत्रं असतात आणि शीतगृहाच्या तापमानाच्या नोंदी असतात. गोठवलेली मासळी उणे 18 अंशांवर किंवा त्याखाली राहिली, हे परदेशातल्या खरेदीदाराला याच नोंदींवरून दाखवायचं असतं. म्हणजे ही फाइल हरवून चालत नाही, आणि कोणी मध्येच बदलून तर मुळीच चालत नाही.

यंत्रांमध्ये फाइल पाठवण्याची पहिली सर्वमान्य पद्धत एफटीपी. तिचा पहिला मसुदा एप्रिल 1971 मध्ये अभय भूषण यांनी एमआयटीत लिहिला. आयआयटी कानपूरमधून शिकून गेलेला हा तरुण होता, याचा मला फार अभिमान वाटतो. मात्र तेव्हाचं नेटवर्क मोजक्या विद्यापीठांचं होतं, सगळे एकमेकांच्या ओळखीचे. त्यामुळे एफटीपीत पासवर्डसुद्धा उघडाच जातो आणि वाटेवर ऐकत बसलेल्याला तो जसाच्या तसा वाचता येतो. 1995 साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात नेमकं हेच घडलं. कोणीतरी नेटवर्कवर कान लावून पासवर्ड गोळा केले. त्यानंतर तिथल्याच ताटू यूलोनेन यांनी एसएसएच लिहिलं, म्हणजे दोन यंत्रांमधलं सगळं बोलणं सांकेतिक करून नेणारी जोडणी. आज सर्व्हरवरून फाइल पाठवायला जे एसएफटीपी वापरतात, ते याच एसएसएचच्या आतून चालतं.

एसएसएचमध्ये पासवर्डऐवजी किल्ल्यांची जोडी, म्हणजे एकमेकींशी जुळणाऱ्या दोन छोट्या सांकेतिक फाइली, वापरता येते. सार्वजनिक किल्ली समोरच्या सर्व्हरवर ठेवायची, खाजगी किल्ली आपल्या यंत्राबाहेर कधीच जात नाही. जोडणीच्या वेळी आपलं यंत्र खाजगी किल्लीनं सही करतं आणि समोरचा ती सार्वजनिक किल्लीनं पडताळतो. रात्री दोन वाजता पासवर्ड टाकायला कोणी जागं राहावं लागत नाही, म्हणून स्वयंचलित कामाला ही पद्धत बरोबर जुळते.

उलट बाजूची ओळख मात्र लोक हमखास विसरतात. पहिल्यांदा जोडताना समोरच्या सर्व्हरच्या किल्लीचा ठसा, म्हणजे तिची ओळख पटवणारी छोटी अक्षरमाला, पडद्यावर येतो आणि ‘हाच तो सर्व्हर ना?’ असं विचारलं जातं. आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टला हा प्रश्न अडवतो, म्हणून बरेच जण ती तपासणीच बंद करून टाकतात. असं कधीही करू नका. मध्येच कोणी स्वतःला सर्व्हर म्हणून उभं केलं, तर आपण सगळ्या फाइली त्याच्याच हवाली करू. समोरच्या माणसाला फोन करून ठसा एकदा ताडून घ्यायचा आणि कायमचा नोंदवायचा. पाच मिनिटांचं काम आहे.

आता लाईटकडे येऊ. एसएफटीपीनं 600 एमबीची फाइल जात असताना 400 एमबीवर वीज गेली, तर समोर त्याच नावाची अर्धी फाइल पडून राहते. तिकडचा प्रोग्रॅम ती पूर्ण समजून उचलतो आणि गोंधळ होतो. यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. फाइल आधी ‘.पार्ट’ अशा तात्पुरत्या नावानं पाठवायची, पूर्ण पोचल्यावरच तिचं खरं नाव ठेवायचं. नाव बदलणं एका झटक्यात होतं, त्यामुळे खऱ्या नावाची अर्धी फाइल कधी दिसतच नाही. क्लाउडमधल्या वस्तु-साठ्यात, म्हणजे अॅमेझॉनच्या एस3 सारख्या सेवेत, गणित थोडं वेगळं आहे. तिथे मोठी फाइल तुकड्यांनी जाते, जास्तीत जास्त 10,000 तुकडे. तुटलं तर राहिलेलेच तुकडे पाठवायचे आणि ‘पूर्ण झालं’ असं कळवेपर्यंत फाइल कोणाला दिसत नाही. मात्र अर्धवट सोडलेले तुकडे आत पडून राहतात आणि त्यांचं भाडं चालू असतं. काही दिवसांनी ते आपोआप पुसले जावेत असा नियम लावून ठेवावा.

पोचलेली फाइल तीच आहे का, हे कसं ठरवायचं? हापूसच्या पेट्या वाशीला पोचल्या की बिल्टीवरच्या आकड्याशी नग ताडतात. इथे ताडणी त्याहून कडक असते. एसएचए-256 ही पद्धत फाइलमधल्या प्रत्येक बाइटवरून 64 अक्षरांचा एक आकडा काढते. तापमानाच्या नोंदीत उणे 18 चं उणे 19 केलं, तरी तो आकडा पार बदलतो. दोन्ही टोकांना तो काढायचा, जुळला तरच काम झालं असं मानायचं.

जुळला नाही किंवा नेटच नसलं, तर पुन्हा प्रयत्न. पण लगोलग नाही. एक मिनिटानं, मग दोन, चार, आठ, असं अंतर वाढवत जायचं आणि त्यात थोडा यादृच्छिकपणा मिसळायचा. नाहीतर तालुक्याची लाईट एकदम आली की सगळी यंत्रं एकाच क्षणी सर्व्हरवर तुटून पडतात. आणखी एक बारकावा म्हणजे लिनक्सवरचा साधा क्रॉन, ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्रॅम. रात्री दोनला संगणक बंद होता, तर ते काम तो सोडूनच देतो. लिनक्सवरचेच अॅनाक्रॉन किंवा सिस्टमडीचा योग्य तऱ्हेनं लावलेला टायमर मात्र संगणक चालू झाल्यावर चुकलेलं काम उरकतो. कोकणातल्या पावसाळ्यात हा फरक फार मोठा आहे.

चालू असलेल्या हिशेबाच्या फाइली थेट कॉपी करू नयेत, कारण निम्म्या आधीच्या आणि निम्म्या नंतरच्या अशी विस्कळीत प्रत निघते. आधी त्या सॉफ्टवेअरचाच बॅकअप काढायचा, मग तो पाठवायचा. धोक्याची घंटाही उलटी बांधावी. ‘चुकलं’ असा निरोप वाट पाहून मिळत नाही, कारण बंद पडलेलं यंत्र निरोप पाठवू शकत नाही. रोज सकाळी ‘झालं’ हा निरोप यायला हवा आणि तो आला नाही की फोन वाजला पाहिजे.

फाइली अडकवून पैसे मागणाऱ्या खंडणीखोर व्हायरसचा विचारही इथेच करायला हवा. कारखान्याच्या संगणकाला क्लाउडवर फक्त नवं लिहिण्याची मुभा द्या, पुसण्याची नको. जुन्या आवृत्त्या ठरावीक मुदतीपर्यंत कुलूपबंद ठेवण्याची सोयही असते. मग चोराच्या हाती संगणक लागला, तरी मागच्या महिन्याच्या प्रती त्याला पुसता येत नाहीत. फाइल पाठवणारं सॉफ्टवेअर स्वतःच अद्ययावत ठेवणंही तितकंच गरजेचं. 2023 मध्ये मूव्हइट या अशाच सॉफ्टवेअरमधल्या एका भगदाडातून जगभरातल्या असंख्य संस्थांचा डेटा चोरीला गेला.

आणि परत आणण्याची तालीम करा. 20 एमबीपीएसच्या जोडणीवर तासाला साधारण 9 जीबी उतरतात, म्हणजे 200 जीबी आणायला 22 तास लागतात. तेवढ्यात दोनदा लाईट जाईल. म्हणून क्रम आधीच कागदावर लिहून ठेवा: पहिल्यांदा चालू वर्षाची बिलं, मग तापमानाच्या नोंदी, फोटो सगळ्यात शेवटी. फाइली सांकेतिक रूपात (एन्क्रिप्ट करून) पाठवत असाल, तर ते कुलूप उघडणारी किल्लीही त्या कागदासोबत दुसऱ्या गावातल्या विश्वासाच्या माणसाकडे असू द्या.