पूर कोणाच्या खात्यात?

२२ जुलै २०२१ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. पंचनामे झाले, मदत आली, नेत्यांचे दौरे झाले. पण त्याच डिसेंबरात चिपळूणकर साखळी उपोषणाला बसले, ते वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढा म्हणून. पूर आल्यावर काय द्याल, हे विचारून झालं होतं. आता प्रश्न होता, पुढचा पूर येण्याआधी काय कराल? पुराचा कारभार बदलतो तो असा. कायद्याचं कलम मागाहून येतं, आधी लोकांची मागणी बदलते.

कोकणात हा कारभार एकेकाळी थेट बांधावर चाले. रायगडच्या खाडीकाठी भात पिकवायचं तर आधी समुद्र बाहेर ठेवावा लागे. मातीचा बांध घालायचा, त्यात उघाडी ठेवायची. ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर, भरतीला दार बंद. उधाणाच्या भरतीत बांधाला खांड (भगदाड) पडली तर गाव त्याच रात्री धावे, कारण एकदा खारं पाणी आत शिरलं की जमीन पुढची काही वर्षं हातची गेली. शिलोत्री पद्धतीत बांधाच्या देखभालीसाठी पिकातला ठरलेला वाटा वेगळा निघे. याला उगाच गोड रंग देऊ नये. वाटा घेणारा वेगळा आणि चिखलात उतरणारा वेगळा, असंही सर्रास होतं. तरी धोका आणि निर्णय यांच्यात अंतर नव्हतं.

पुढे जमीन कुळांची झाली, हे योग्यच झालं. पण बांध कोणाचा, हे अधांतरी राहिलं. १९४८चा आणि नंतर १९७९चा खारभूमी कायदा आला, आणि बांध हळूहळू सरकारकडे गेले. पैसा आणि अभियंते मिळाले. मात्र आता खांड पडली की अर्ज, अंदाजपत्रक, निविदा. आणि उधाण काही निविदेसाठी थांबत नाही.

देशपातळीवरचं धोरण तर कोकण डोळ्यांसमोर ठेवून घडलंच नव्हतं. १९५४च्या राष्ट्रीय पूर कार्यक्रमासमोर गंगा-ब्रह्मपुत्रेसारख्या नद्या होत्या: लांब, सपाट, शेकडो किलोमीटरचे तटबंध घालता येतील अशा. तिथं वरच्या गावी पाणी वाढलं की खालच्या गावाला दिवस-दोन दिवस मिळतात. आमच्या नद्या सह्याद्रीच्या कड्यावरून उतरतात आणि बहुतेक शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आतच समुद्राला मिळतात. महाबळेश्वरला ढग रिकामा झाला की काही तासांत सावित्री महाडच्या दारात. त्यातच खाडीला भरती असेल तर पाण्याला पुढे वाट नाही. २०२१च्या जुलैत महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा नदीवर फक्त पाण्याची पातळी मोजून इशारा द्यायचा म्हणजे वरात पुढे गेल्यावर घोडं आणणं. इथं इशारा घाटमाथ्यावरच्या पावसावरून आणि भरतीच्या वेळापत्रकावरूनच द्यायला हवा.

मग २००५ आलं. २६ जुलैची मुंबई सगळ्यांना आठवते. त्याच पावसात महाड बुडालं, दासगाव आणि जुई गावांवर दरड कोसळली, हे कमी जणांना आठवतं. आदल्या वर्षी त्सुनामी येऊन गेली होती, आणि २००५च्या डिसेंबरात आपत्ती व्यवस्थापन कायदा संमत झाला. तोवर दिल्लीत दृष्टी मुख्यतः दुष्काळी कामांच्या जुन्या वळणाची, म्हणजे आधी संकट आणि मग मदत. २००२पर्यंत हे काम कृषी मंत्रालयाकडेच होतं. नव्या कायद्यानं जिल्हा प्राधिकरण आणलं. जिल्हाधिकारी अध्यक्ष, जिल्हा परिषदेचा अध्यक्ष सहअध्यक्ष. कागदावर लोकप्रतिनिधीला मानाची खुर्ची मिळाली.

या कायद्यात दोन निधी होते: प्रतिसादाचा आणि सौम्यीकरणाचा. पहिला लवकर उभा राहिला. दुसरा, म्हणजे धोका आधीच कमी करण्याचा, राष्ट्रीय पातळीवर २०२१मध्ये. सोळा वर्षं! पंधराव्या वित्त आयोगानं वाटणी घालून दिली: ८० टक्के प्रतिसाद, २० टक्के सौम्यीकरण. संकटानंतरचा खर्च टीव्हीवर दिसतो. जो पूर आलाच नाही त्याचा फोटो कोण काढणार?

नदी मात्र खाती ओळखत नाही. वाशिष्ठीचंच बघा. कोयनेचं पाणी मुळात कृष्णेच्या खोऱ्यातलं, पूर्वेला जाणारं. विजेसाठी ते घाटाखाली वळवलं आणि कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत सोडलं. कृष्णा पाणीतंटा लवादानं यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे. म्हणजे एका नदीच्या पुराची चर्चा दुसऱ्या खोऱ्याच्या लवादाला जाऊन भिडते. धरण जलसंपदाचं, वीज महानिर्मितीची, शहर नगरपरिषदेचं, खाडीतली बंदरं मेरीटाइम बोर्डाची. पाणी अडतं म्हणून महाडकर दासगावच्या रेल्वेच्या भरावाकडे बोट दाखवतात, तेव्हा आणखी एक खातं वाढतं.

जुन्या व्यवस्था नव्या कायद्यानं पुसल्या जात नाहीत. एकावर एक साचतात. पूररेषेचंही तसंच. पूरप्रवण क्षेत्राच्या वापरावर बंधन घालणारा नमुना कायदा केंद्रानं १९७५मध्ये राज्यांना पाठवला; तो स्वीकारणारी राज्यं बोटांवर मोजण्याइतकी. महाराष्ट्र जलसंपदा खात्याच्या परिपत्रकांवर चालतो: २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळीच्या आत बांधकाम निषिद्ध, दोन्हींच्या मध्ये नियंत्रित. रेषा आखली की गावात पहिला विरोध होतो तो जमिनीचा भाव पडेल म्हणून, आणि ज्याचं घरच मधोमध आलंय त्याला दोष देता येत नाही.

पण ‘शंभर वर्षांचा पूर’ हा शब्दप्रयोग फसवा आहे. एकदा येऊन गेला म्हणजे नातवंडांपर्यंत सुट्टी, असं नव्हे. दरवर्षी तो येण्याची शक्यता एक टक्का, एवढाच त्याचा अर्थ. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात लाल रेषेवरच्या घरात किमान एकदा पाणी शिरण्याची शक्यता निघते सुमारे २६ टक्के; निळ्या रेषेवर ती ७० टक्क्यांच्या आसपास जाते. तीही पावसाचं मान जुन्यासारखंच राहील हे गृहीत धरून. हा आकडा बँकेच्या कर्जमंजुरीच्या कागदावर आणि सातबाऱ्यावर छापायला काय हरकत आहे? बोजा लिहितोच ना आपण.