सॅलिसिलिक अम्ल : फिनॉलपासून निर्मिती आणि उपयोग

सॅलिसिलिक अम्ल हे बारीक, पांढऱ्या, सुईसारख्या स्फटिकांचे कार्बनी अम्ल आहे. ते १५९° से.ला वितळते. लिटरभर थंड पाण्यात जेमतेम दोन ग्रॅम विरघळते, अल्कोहॉलमध्ये मात्र सहज. त्याची भुकटी नाकात गेली की शिंका आवरत नाहीत.

नाव आले ते ‘सॅलिक्स’ या वृक्षप्रजातीवरून. सह्याद्रीत ओढ्याकाठी वाढणारा वाळुंज याच प्रजातीतला. यूरोपात या झाडांच्या सालीतून सॅलिसिन हे कडू द्रव्य काढत आणि त्यापासून इटालियन रसायनज्ञ राफाएले पिरिया यांनी १८३८ मध्ये हे अम्ल मिळवले. पण साल सोलून औषध पुरवायचे तर ते महागच पडणार. स्वस्ताईची वाट डांबरातून, म्हणजे दगडी कोळशाच्या डांबरातल्या फिनॉलमधून निघाली.

जर्मन रसायनज्ञ हेर्मान कोल्बे यांनी १८६० च्या सुमारास फिनॉल, सोडियम आणि कार्बन डाय-ऑक्साइड यांपासून हे अम्ल बनवले. १८७४ मध्ये त्यांनी कारखान्याला झेपेल अशी रीत दिली आणि फ्रीड्रिख फोन हायडेन यांनी ड्रेस्डेन येथे उत्पादन सुरू केले. कोरडे सोडियम फिनॉक्साइड (फिनॉलचे सोडियम लवण) १८०–२०० अंशांवर तापवून त्यावरून कार्बन डाय-ऑक्साइड सोडायचा, अशी ती रीत. तिच्यात एक मोठी खोट होती : जवळजवळ निम्मे फिनॉल अभिक्रियेत न अडकता वाफ होऊन बाहेर पडे. रूडोल्फ श्मिट यांनी १८८५ च्या आसपास वायू बंद पात्रात दाबाखाली दिला आणि तापमान १२०–१४० अंशांवर आणले, तेव्हा ही गळती थांबली. म्हणून अभिक्रियेला दोघांचेही नाव आहे. पाठ्यपुस्तकांत बहुधा एकट्या कोल्बेंचे छापतात. ते श्मिटवर अन्यायाचेच म्हणायचे.

आजही कारखान्यात मूळ रीत तीच. फिनॉल कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात मिसळून सोडियम फिनॉक्साइड करतात आणि निर्वातात पाणी उडवून त्याची कोरडी भुकटी करतात. सगळे यश या कोरडेपणावर अवलंबून आहे. ओल राहिली की उतारा, म्हणजे हाती येणारा माल, घसरतो आणि ढवळणीला गोळे चिकटतात. मग दाबाखाली कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेतला की सोडियम सॅलिसिलेट तयार होते. ते पाण्यात विरघळवून, सक्रियित कोळशाने रंग काढून त्यात सल्फ्यूरिक अम्ल सोडतात. तोवर नितळ असलेले द्रावण पाहता पाहता पांढऱ्या लगद्याने भरून जाते, कारण मुक्त अम्ल पाण्यात राहायला तयार नसते. हिशेबाने ९४ किलो फिनॉलला १३८ किलो अम्ल मिळायला हवे. अधिक शुद्ध माल संप्लवनाने, म्हणजे घनाची थेट वाफ करून ती पुन्हा गोठवून मिळवतात.

सोडियमऐवजी पोटॅशियम घेतले आणि तापमान वाढवले, तर कार्बोक्सिल गट (कार्बन डाय-ऑक्साइडपासून आलेला, अम्लपणा देणारा भाग) फिनॉलमधल्या कार्बन-अणूंच्या वलयाच्या दुसऱ्या टोकाला बसतो आणि पॅरा-हायड्रॉक्सिबेंझॉइक अम्ल मिळते. सौंदर्यप्रसाधनांत परिरक्षक (माल खराब होऊ न देणारा पदार्थ) म्हणून घालतात ती पॅराबेन संयुगे त्यापासूनच होतात.

उपयोगांत पहिला मान ॲस्पिरिनचा. ॲसिटिक ॲनहायड्राइडबरोबर अभिक्रिया केली की ॲसिटिलसॅलिसिलिक अम्ल बनते. बायर कंपनीत फेलिक्स हॉफमान यांनी ते १८९७ मध्ये शुद्ध रूपात तयार केले. मिथेनॉलबरोबर मिथिल सॅलिसिलेट होते. दुखऱ्या कमरेवर चोळायच्या मलमांचा ओळखीचा वास त्याचाच.

त्वचेवर हे अम्ल मेलेल्या, कडक झालेल्या पेशींना धरून ठेवणारा बंध सैल करते. त्यामुळे टक्केवारीला फार महत्त्व आहे. मुरुमांसाठी ०.५ ते २ टक्के पुरते. पायाच्या कुरुपावर लावायच्या पट्टीत ४० टक्क्यांपर्यंत असते. नायट्यावरच्या व्हिटफील्ड मलमात ३ टक्के सॅलिसिलिक आणि ६ टक्के बेंझॉइक अम्ल असते. मधुमेह्यांनी कुरुपाची पट्टी स्वतःच्या मनाने लावू नये, कारण पायाची संवेदना कमी असेल तर जखम झालेली कळतही नाही. लहान मुलांच्या अंगावर मोठ्या भागात हे मलम चोळल्यास अम्ल रक्तात उतरू शकते. कानात गुणगुण हे त्याचे एक लक्षण.

ओळख पटवायला फेरिक क्लोराइडचा थेंब पुरतो : द्रावण गडद जांभळे होते. शुद्ध ॲस्पिरिन हा रंग देत नाही. दमट हवेत जुन्या झालेल्या गोळ्यांच्या बाटलीला मात्र व्हिनेगरसारखा आंबट वास येतो आणि त्या गोळ्या जांभळा रंगही देतात, कारण ॲस्पिरिन फुटून त्यातले सॅलिसिलिक अम्ल पुन्हा मोकळे झालेले असते.