ताबा कोणाकडे? चेन ओलांडून होणाऱ्या क्रिप्टो अदलाबदलीची पार्श्वभूमी

मुंबईत सुरू झालेल्या एका मोठ्या क्रिप्टो एक्स्चेंजमधून जुलै 2024 मध्ये सुमारे 23 कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. पैसे काढायची सोय त्याच दिवशी बंद झाली. ज्यांनी कुठलीही चूक केली नव्हती, त्यांची आयुष्यभराची बचतही त्यात अडकली. एक्स्चेंजच्या हाती नाणी न देता बिटकॉइनचे इथर (इथेरियम या दुसऱ्या चेनवरचे नाणे) करता येतील का, हा प्रश्न अनेकांना तेव्हा पहिल्यांदा पडला. पण त्याचे पहिले उत्तर मे 2013 मध्येच लिहिले गेले होते. टोकियोतले एक्स्चेंज बुडून साडेआठ लाख बिटकॉइन गायब झाल्याची बातमी आली, ती त्यानंतर नऊ महिन्यांनी.

ते उत्तर म्हणजे अॅटॉमिक स्वॅप. समजा, पुण्यातल्या एका बाईंकडे बिटकॉइन आहेत आणि नागपुरातल्या एकाकडे लाइटकॉइन. ती 32 बाइटचा एक गुप्त आकडा निवडते, त्याचा हॅश (ज्यावरून मूळ आकडा ओळखता येत नाही असा ठसा) काढते आणि आपले बिटकॉइन त्या हॅशच्या कुलपात ठेवते. अट अशी की, गुपित दाखवले तर नाणी त्याची आणि 48 तासांत कोणी उचलली नाहीत तर पुन्हा तिची. तो तोच हॅश घेऊन आपले लाइटकॉइन कुलपात ठेवतो, मात्र 24 तासांच्या मुदतीने. ती लाइटकॉइन उचलायला गेली की गुपित चेनवर, म्हणजे नाण्याच्या सार्वजनिक नोंदवहीत, उघडे पडते आणि तेच वापरून तो बिटकॉइन उचलतो. आंगडियाकडे नोटेचा नंबर जुळला की रक्कम हातात पडते, तसाच हा प्रकार. फक्त मध्ये पेढी नाही.

बिटकॉइनमध्ये मुदतीचे कुलूप घालायची नीट सोय डिसेंबर 2015 मध्ये आली. सप्टेंबर 2017 मध्ये आधी डिक्रेड आणि लाइटकॉइन, मग लाइटकॉइन आणि बिटकॉइन यांच्यात असे व्यवहार करून दाखवले गेले. मोनेरो या नाण्यात स्क्रिप्ट, म्हणजे अशा अटी लिहायची सोयच नाही, त्यामुळे त्यासाठी सह्यांचे वेगळे गणित बसवावे लागले आणि 2021 उजाडले.

तरी हे लोकांच्या अंगवळणी पडले नाही. समोरचा माणूस शोधा, दोघांनी ऑनलाइन राहा, तासन्तास थांबा. शिवाय त्याने लाइटकॉइन ठेवले की पुण्याच्या बाईंना भाव पाहत बसायला जवळपास दिवसभराची मोकळीक मिळते. भाव सोयीचा असेल तर व्यवहार पुरा करायचा, नसेल तर मुदत संपू द्यायची. या मोकळिकीची किंमत तिला मोजावी लागत नाही, त्याची नाणी मात्र अडकून पडतात. भारतात 1 जुलै 2022 पासून आणखी एक पेच आला. क्रिप्टोच्या बदल्यात क्रिप्टो दिले तरी 1 टक्का टीडीएस लागतो आणि तो दोन्ही बाजूंनी भरायचा असतो. अनोळखी वॉलेटच्या मालकाचा पॅन आणायचा कुठून?

मग लोक वळले ब्रिजकडे, म्हणजे एका चेनवरचे नाणे दुसऱ्या चेनवर वापरू देणाऱ्या सेवांकडे, आणि खरा गोंधळ इथेच सुरू झाला. ब्रिजवर नाणे पलीकडे जात नाही. ते अलीकडे कुलपात राहते आणि पलीकडे त्याची पावती मिळते. जानेवारी 2019 मध्ये इथेरियमवर आलेले ‘रॅप्ड’ बिटकॉइन ही अशीच पावती होती. मूळ बिटकॉइन एका कंपनीच्या ताब्यात होते. ‘एक्स्चेंज नको’ म्हणून निघालेला माणूस पुन्हा कोणाच्या तरी तिजोरीपाशीच येऊन थांबत होता, फक्त तिजोरीवरची पाटी बदलली होती.

मार्च 2022 मध्ये एका लोकप्रिय गेमसाठी बांधलेला रोनिन ब्रिज फुटला. 60 कोटी डॉलरहून अधिक रक्कम गेली. पैसे हलवायला नऊपैकी पाच चाव्या लागत. त्यातल्या चार एकाच कंपनीकडे होत्या. पाचव्या चावीने सही करायची परवानगी त्याच कंपनीने काही महिन्यांपूर्वी तात्पुरती घेतली होती आणि काम झाल्यावर ती रद्द करायची राहून गेली. चोरी उघडकीस यायला सहा दिवस लागले, तेही एका ग्राहकाला 5,000 इथर काढता येईनात म्हणून. पुढच्या वर्षी मल्टिचेन हा ब्रिज बंद पडला. त्याच्या प्रमुखाला चीनमध्ये पोलिसांनी नेले आणि सगळ्या चाव्या त्या एकट्याच्या हातात होत्या, हे तेव्हा बाहेर आले. या दोन्ही यंत्रणा स्वतःला विकेंद्रित म्हणवत होत्या.

एप्रिल 2021 मध्ये सुरू झालेल्या थोरचेन या स्वॅप नेटवर्कने पावतीचा मार्ग टाळला. इथे खरे बिटकॉइन आत जातात आणि खरे इथर बाहेर येतात. तिजोरीची चावी अनेक नोडमध्ये (नेटवर्क चालवणाऱ्या संगणकांमध्ये) तुकड्यांनी वाटलेली असते आणि प्रत्येक नोडने स्वतःची रक्कम तारण ठेवलेली असते. कल्पना उत्तम होती, आजही आहे. त्यामुळेच फेब्रुवारी 2025 मध्ये जे घडले, ते मनाला लागते.

21 फेब्रुवारीला दुबईतल्या एका एक्स्चेंजमधून सुमारे 150 कोटी डॉलरचे इथर चोरीला गेले. काही दिवसांतच अमेरिकी तपास यंत्रणेने उत्तर कोरियाचे नाव घेतले आणि हे पैसे अडवा, असे आवाहन ब्रिजपासून एक्स्चेंजपर्यंत सगळ्यांना केले. तोवर ते इथर थोरचेनमधून बिटकॉइन होऊन बाहेर पडू लागले होते. तीन नोडनी इथरचे व्यवहार थांबवण्याचे मत दिले आणि व्यवहार थांबले. थोड्याच वेळात चार नोडनी उलटे मत दिले आणि ते पुन्हा सुरू झाले. एक प्रमुख प्रोग्रॅमर काम सोडून गेला. चोरीतल्या इथरपैकी सुमारे 72 टक्के याच वाटेने गेल्याचे त्या एक्स्चेंजच्या प्रमुखाने मार्चच्या सुरुवातीला सांगितले. त्या प्रत्येक स्वॅपवर नेटवर्कने शुल्क घेतले.

उलटे मत देणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नाही. आज चोराचा पत्ता अडवला तर उद्या एखादे सरकार आंदोलकाचा पत्ता अडवायला सांगेल, आणि एकदा नकार देता आला नाही की मग कधीच देता येणार नाही. ही भीती मलाही खरी वाटते. पण ‘आम्ही थांबवू शकत नाही’ हे त्यांचे म्हणणे मला मान्य नाही. जुलै 2021 मध्ये आठवड्याभरात दोन हल्ले झाले, तेव्हा हेच नेटवर्क थांबवले गेले होते. जानेवारी 2025 मध्ये, म्हणजे या चोरीच्या जेमतेम महिनाभर आधी, सुमारे 20 कोटी डॉलरची देणी फेडता येणार नाहीत असे दिसताच त्याच्या कर्ज आणि बचत योजना नोडच्या मतानेच गोठवल्या गेल्या. तिथे ठेव ठेवलेल्या सामान्य माणसाला पैसे काढता आले नाहीत; चोराला मात्र महिन्याभराने वाट मोकळी मिळाली. थांबवायचे बटण होते. ते कोणासाठी दाबायचे, हे मूठभर नोड ठरवत होते. चावी तुकड्यांत वाटली म्हणून ताबा नाहीसा होत नाही, त्याचीही वाटणी होते.

2024 पासून काही नव्या स्वॅप सेवांनी पुन्हा 2013 चे कुलूप बाहेर काढले आहे. आता समोर अनोळखी माणसाऐवजी व्यावसायिक ‘सॉल्व्हर’ असतो. तो लिलावात भाव लावतो, दोन्ही चेनवर अनामत ठेवतो आणि मुदतीत काम पुरे केले नाही तर ती गमावतो. गुपित ग्राहकाच्याच वॉलेटमध्ये तयार होते, आणि दोन्ही चेनवर नाणी कुलपात पडल्याची खात्री झाल्यावरच ते बाहेर दिले जाते.