रक्त धातूला शिवण्याआधी

आमच्या शेजारच्या अण्णांचा सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. गेल्या महिन्यात त्यांना स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी धातूची जाळी, बसला. परवा म्हणाले, "सर, हा धातू गंजत नाही म्हणतात. मग रक्त पातळ करायच्या गोळ्या कशाला? बंद करू का?" मी हात जोडून सांगितलं, अजिबात नको. प्रश्न गंजाचा नाहीच.

स्टीलच्या पातेल्यात दूध तापवलं की बुडाला पांढरा थर धरतो. साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे दुधातल्या प्रथिनांच्या घड्या उलगडतात, पाण्याला टाळणारे आतले भाग उघडे पडतात आणि धातूला चिकटतात. रक्ताला तापवावंही लागत नाही. एक लिटर रक्तद्रवात सुमारे ७० ग्रॅम प्रथिनं असतात. ती काही सेकंदांत धातूवर बसतात. आधी अल्ब्युमिन, मग त्याला हटवून फायब्रिनोजेन. ही अदलाबदल रक्तशास्त्रज्ञ लिओ व्रोमन यांच्या नावाने ओळखली जाते. फायब्रिनोजेनला प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, धरतात आणि गुठळीला सुरुवात होते. पेशींची गाठ पडते ती या थराशी, धातूशी नव्हे.

हा थर बसूच नये म्हणून धातूवर पॉलिएथिलीन ग्लायकॉल, म्हणजे पीईजी, या पॉलिमरच्या (लांब साखळीच्या रेणूच्या) साखळ्या उभ्या करतात. अण्णांना मी त्यांच्याच मालावरून समजावलं. लूप वरून कातरलेला मखमली टॉवेल घ्या: प्रत्येक धागा बुडाशी पक्का, टोक मोकळं. पीईजीच्या कडीकडीतला ऑक्सिजन पाण्याचे रेणू धरून ठेवतो, म्हणून हा टॉवेल कायम ओला. प्रथिनाला खाली उतरायचं तर ते पाणी हटवावं लागतं आणि साखळ्या दाबाव्या लागतात. मोकळी साखळी असंख्य तऱ्हांनी वळवळत असते. दाबली की त्या तऱ्हा कमी होतात, म्हणजे त्यांचं माप असलेली एन्ट्रॉपी घटते, आणि ताणलेल्या स्प्रिंगसारखी मुक्त ऊर्जा वाढते. म्हणून साखळी परत उसळते आणि प्रथिनाला बाहेर ढकलते. किती सुंदर आहे हे! मात्र साखळ्या दाट हव्यात. दोन साखळ्यांमधलं अंतर सुट्या साखळीच्या गुंडाळीपेक्षा कमी असलं तरच त्या ताठ उभ्या राहतात. विरळ विणीत त्या अळंबीसारख्या बसक्या होतात आणि लहान प्रथिनं फटींतून तळ गाठतात. अण्णांनी लगेच मान हलवली. विरळ माल त्यांना कळतो.

धातूला हे धागे बांधायची एक युक्ती शिंपल्यांकडून आली आहे. ओल्या खडकाला धरणाऱ्या त्यांच्या प्रथिनांतला कॅटेकॉल नावाचा अणूंचा गट धातूवरच्या ऑक्साइडच्या थरालाही घट्ट धरतो. पीईजी ऑक्सिडेशनने, म्हणजे ऑक्सिजनशी अभिक्रिया होऊन, हळूहळू तुटतं, त्यामुळे धन आणि ऋण भार शेजारी शेजारी असलेले पॉलिमरही वापरतात. लाल पेशींच्या आवरणातल्या फॉस्फोरिलकोलीन या गटाची ती नक्कल.

तांब्याचं कडं किंवा चुंबकाचा पट्टा घालून रक्त पातळ होत नाही. अण्णांच्या हातातलं कडं पाहून मी हे स्पष्ट बोललो.

"मग सगळ्याच स्टेंटवर हा टॉवेल का नाही?" त्यांनी विचारलं. कारण काहीच चिकटू दिलं नाही, तर रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशींनाही तिथे पाय रोवता येत नाहीत. त्या पेशींनी स्टेंट झाकला की गुठळीचा धोका उतरतो. त्याला काही महिने लागतात. तोवर, डॉक्टर बंद करा म्हणेपर्यंत, गोळ्या.