सायलेन्सरमधली माती

आमच्या भांडुपच्या सोसायटीत शाळेच्या मुलांना नेणारी एक व्हॅन उभी असते. मागच्या पावसाळ्यात एका सकाळी व्हॅनकाकांनी चावी फिरवली आणि गाडी अशी भडभडली की चौथ्या मजल्यावरची माणसं गॅलरीत आली. रात्रीत सायलेन्सर गायब! "पत्र्याला कोण विचारतंय, त्यांना आतली माती हवी असते," नाक्यावरचा मेकॅनिक म्हणाला.

ही 'माती' म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची सिरॅमिकची जाळी. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा धातूंचा पातळ थर असतो. वजन जेमतेम काही ग्रॅम, पण भाव सोनाराच्या तराजूतला. इंजिनातला धूर या भोकांतून जाताना विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेलं पेट्रोल जळतं, नायट्रोजनची ऑक्साइडं मोडून साधा नायट्रोजन उरतो. आणि धातू? जिथल्या तिथे. म्हणून तर जुन्या गाडीचा सायलेन्सरही चोराला चालतो. स्वतः न संपता रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारा असा पदार्थ म्हणजे उत्प्रेरक.

बोलताना आपण आग भडकवणाऱ्या सगळ्याच गोष्टींना उत्प्रेरक म्हणून एकाच माळेत ओवतो. होळीत रॉकेल ओतलं की भडका उडतो, पण रॉकेल उत्प्रेरक नव्हे. ते स्वतःच जळतं. ऑक्सिजन पुरवून आग वाढवणारे पदार्थ आणखी वेगळे. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाजावर आग लागली. पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे 1400 टन दारूगोळा. स्फोटकांना ऑक्सिजनसाठी हवेचं तोंड बघावं लागत नाही, तो त्यांच्यातच असतो. त्या दिवशी अग्निशमन दलाचे 66 जवान गेले.

उत्प्रेरकाची करामत मी घरीच पाहिली. साखरेचा क्यूब चिमट्यात धरून काडी लावली. तो तपकिरी झाला, पाघळला, स्टीलच्या ताटलीत टपटपला; पेटला मात्र नाही. दुसऱ्या क्यूबच्या कडेला सिगारेटची राख चोळली. (राख टपरीवरून मागून आणली, टपरीवाल्याने माझ्याकडे जे पाहिलं ते सांगण्यासारखं नाही.) काडी लावल्यावर कडेला इवलीशी ज्योत धरली आणि काडी बाजूला नेली तरी टिकली. राख म्हणजे आधीच जळून गेलेली वस्तू, तिच्यात जळण्यासारखं काय उरलेलं असणार? पण तिच्यातल्या क्षारांमुळे साखरेला पेट घेणं सोपं जातं.

पुण्याच्या गाडीला कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात. बोरघाट चढवून ती लोणावळ्याला सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी खाली येतात. उत्प्रेरकही असाच पुन्हा पुन्हा कामाला येतो. फरक एवढाच की बँकर जोर लावतो; उत्प्रेरक जोर लावत नाही, कमी चढाची वाट काढून देतो. पण चढापलीकडे उतारच नसेल, म्हणजे क्रिया मुळात होण्यासारखीच नसेल, तिथे त्याचंही काही चालत नाही.

प्लॅटिनमचा हा गुण जुना आहे. 1823 मध्ये जर्मनीत डोबरायनर या रसायनशास्त्रज्ञाने प्लॅटिनमवर हायड्रोजनचा झोत सोडला आणि तो काडीशिवाय पेटला. त्यावर त्याने चक्क दिवा बनवला. या प्रकाराला 'कॅटॅलिसिस' (उत्प्रेरण) हे नाव मिळालं ते 1835 मध्ये, स्वीडनचा रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस याच्याकडून.

न संपणाऱ्या या धातूलाही एक शत्रू आहे: शिसं. पूर्वी पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालत. ते जाळीवर बसलं की धातू झाकला जातो आणि जाळी निकामी होते. म्हणूनच 1995 मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना ही जाळी सक्तीची झाली, तेव्हा पंपावर शिसेविरहित पेट्रोलही आणावं लागलं.

व्हॅनकाकांनी नवा सायलेन्सर बसवलाय. त्याभोवती आता लोखंडी सळ्यांचा पिंजरा वेल्ड केलेला आहे. पिंजऱ्याचे पैसे मेकॅनिकने वेगळे लावले.