दादा कोंडके

कोंडके, दादा (८ ऑगस्ट १९३२ – १४ मार्च १९९८) : मराठी चित्रपटांतील विनोदी नट, निर्माते, दिग्दर्शक व गीतकार. मूळ नाव कृष्णा खंडेराव कोंडके. तमाशाच्या फडात सोंगाड्या हा हसवण्यापुरता असतो. गोष्ट राजाची, प्रधानाची आणि नाचणारणीची असते. कोंडके यांनी या सोंगाड्यालाच चित्रपटाचा नायक केला. प्रेम त्याचे, गाणी त्याची, शेवटी जिंकायचाही तोच. १९७१ पासून पुढची दहा-बारा वर्षे मराठी चित्रपटाचा गल्ला बऱ्याच अंशी या एका माणसाच्या जिवावर भरत होता.

त्यांचा जन्म मुंबईत नायगावला झाला. घराणे मूळचे भोरजवळच्या इंगवली गावचे. आसपासच्या लालबाग-परळप्रमाणे नायगावचे जगणेही कापडगिरण्यांच्या भोंग्यावर चालणारे होते. कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसे एका चाळीत राहत. गणपतीत मेळे होत, नाक्यावर भजन आणि मारामारी दोन्ही चालत. तरुणपणी आपण गल्लीतल्या हाणामाऱ्यांत पुढे असायचो, सोडावॉटरच्या बाटल्या फेकायचो, हे कोंडके मोकळेपणाने सांगत. थोड्या काळात घरातली जवळची बरीच माणसे गेली. त्या धक्क्यानंतर लोकांना हसवण्याकडे आपण वळलो, असेही त्यांचे सांगणे होते. अपना बाजारात त्यांनी नोकरी केली आणि बँडपथकात वाजवले. पुढे त्यांच्या गाण्यांत ठेका जो अंगात भिनलेला दिसतो, त्याची तयारी या बँडातली आणि मेळ्यांतली.

रंगमंचावर ते आले राष्ट्र सेवा दलाच्या वाटेने. सेवा दलाचे कलापथक तमाशाचा बाज घेऊन समाजवादी विचार लोकांपर्यंत नेत असे. पु. ल. देशपांडे, वसंत बापट अशी मंडळी त्यासाठी लिहीत. निळू फुले आणि राम नगरकर यांच्याशी कोंडके यांचा परिचय याच काळातला. पुढे त्यांनी स्वतःची नाटक मंडळी काढली आणि लेखक वसंत सबनीस यांच्याकडे वगनाट्य, म्हणजे तमाशाच्या बाजाचे नाटक, मागितले. सबनीसांनी लिहून दिलेले 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ साली रंगमंचावर आले.

या वगाची गोष्ट एवढीशीच आहे. राज्याचा कोतवाल मरतो. आता बढती आपल्यालाच, असे हवालदार धरून चालतो. पण प्रधान ती जागा आपल्या मेव्हण्याला देऊन मोकळा होतो. मग हवालदार मैनावती या नाचणारणीला हाताशी धरून नव्या कोतवालाला राजाच्या छपरी पलंगाच्या मोहात अडकवतो आणि त्याची फजिती करतो. हवालदार झाले दादा. वशिलेबाजी, खुर्चीचा हव्यास, वरचा बेअक्कल आणि खालचा हुशार, हे सगळे त्या काळच्या प्रेक्षकाला रोज दिसत होते. वगाचा साचा सैल असल्याने कालच्या वर्तमानपत्रातली बातमी आजच्या बतावणीत, म्हणजे विनोदी संवादांत, घालता येई. कोंडके ती बेमालूम घालत, आणि त्यात काँग्रेसच्या राज्यकर्त्यांची यथेच्छ टिंगल असे. महाराष्ट्रभर या वगाचे हजाराच्या वर प्रयोग झाले. संहितेबाहेर जाऊन प्रेक्षकाच्या हशाला लगेच जोड देण्याची सवय त्यांना येथेच लागली. चित्रपटांतही त्यांची वाक्ये पाठ केलेली वाटत नाहीत, तोंडाला आली म्हणून बोलल्यासारखी वाटतात.

'विच्छा' पाहून आशा भोसले यांनी दिग्दर्शक भालजी पेंढारकरांकडे त्यांचे नाव सुचवले. भालजींच्या 'तांबडी माती' (१९६९) मध्ये त्यांना पहिली भूमिका मिळाली. वर्षातील सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटाला मिळाला, पण कोंडके यांचे खरे पदार्पण त्यानंतर दोन वर्षांनी झाले असेच मानले पाहिजे. 'सोंगाड्या' (१९७१) त्यांनी स्वतः काढला. लेखन सबनीसांचे, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचे, संगीत राम कदम यांचे. उषा चव्हाण, निळू फुले, गणपत पाटील, रत्नमाला ही सोबत. आईच्या धाकात वाढलेला भोळा नाम्या तमाशाला जातो, कलावतीवर भाळतो, आई त्याला घराबाहेर काढते आणि तो फडातच उभा राहतो.

मुंबईत या चित्रपटाला जागा मिळता मिळेना. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात 'सोंगाड्या' लावायचे ठरले असताना मालकाने ऐनवेळी देव आनंद यांच्या 'तेरे मेरे सपने'ला पसंती दिली. कोंडके बाळासाहेब ठाकरे यांच्याकडे गेले. शिवसेना तेव्हा अवघी पाच वर्षांची होती आणि मराठी माणसाला त्याच्याच शहरात डावलले जाते, हे सांगायला तिला याहून सरळ उदाहरण मिळाले नसते. शिवसैनिक कोहिनूरवर धडकले आणि 'सोंगाड्या' लागला. एकदा लागल्यावर तो टिकवायला कोणाच्या आंदोलनाची गरज उरली नाही, कारण तो उतरतच नव्हता. समाजवादी कलापथकातून आलेला हा नट पुढे शिवसेनेच्या प्रचारसभांतला हुकमी वक्ता झाला, त्याचे मूळ या प्रसंगात आहे.

त्यानंतर 'एकटा जीव सदाशिव' (१९७२), 'आंधळा मारतो डोळा' (१९७३), 'पांडू हवालदार' (१९७५), 'तुमचं आमचं जमलं' (१९७६), 'राम राम गंगाराम' (१९७७), 'बोट लावीन तिथं गुदगुल्या' (१९७८), 'ह्योच नवरा पाहिजे' (१९८०) आणि 'आली अंगावर' (१९८२) हे चित्रपट आले. 'सोंगाड्या' धरून या सलग नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव (सलग पंचवीस आठवडे) केला, आणि गिनीज बुकातल्या नोंदीचा उल्लेख त्यांच्या नावापुढे नेहमी होतो तो याच नऊ चित्रपटांसाठी. 'पांडू हवालदार'पासून दिग्दर्शनही त्यांनी स्वतःकडे घेतले. अशोक सराफ यांना मोठ्या प्रमाणावर प्रेक्षक ओळखू लागले ते याच चित्रपटातल्या दुसऱ्या हवालदारामुळे. मुंबईत पोलीस शिपायाला 'पांडू' म्हणायची खोडही या चित्रपटानेच पक्की केली. ती शिपायांना फारशी आवडत नाही. 'चंदू जमादार' ही 'पांडू हवालदार'चीच गुजराती आवृत्ती. 'एकटा जीव सदाशिव'वरून पुढे हिंदीत 'जिस देश में गंगा रहता है' (२०००) निघाला.

कोंडके यांच्या नायकाचे सोंग ठरलेले असे. गुडघ्यापर्यंत येणारी ढगळ चड्डी, पुढे लोंबणारी तिची नाडी, अंगात बंडी किंवा आखूड सदरा, चेहऱ्यावर कायमचा गोंधळ. दिसायला तो देखणा नाही, अंगाने पैलवान नाही, शिक्षण नाही, खिशात पैसा नाही. त्याच्याकडे आहे ती फक्त 'आये'. ही आई बहुधा रत्नमाला करीत आणि पोराला हाणायला ती मागेपुढे पाहत नसे. आईच्या हातचा मार मुकाट्याने खाणारा हा चाळिशीतला बाप्या पडद्यावर खरोखर दहा वर्षांचा वाटतो. हे वय विसरायला लावणे हीच त्यांच्या अभिनयातली अवघड गोष्ट होती, आणि नाडीकडे बोट दाखवणाऱ्या टीकाकारांनी तिच्याकडे कधी नीट पाहिले नाही.

त्यांचा द्व्यर्थी विनोद या भोळेपणावर उभा आहे. तमाशात गण (गणेशवंदना) आणि गौळण (कृष्ण-गवळणींचा प्रसंग) झाल्यावर बतावणी येते. तिथे सोंगाड्या आणि मावशी (गवळणींची थोराड सोबतीण) एकमेकांना शब्दांत पकडतात, दोन अर्थांची वाक्ये फेकतात आणि ऐकणाऱ्यांनी हवा तो अर्थ घ्यावा. कोंडके यांनी यात एक बदल केला. त्यांच्या नायकाला दुसरा अर्थ ठाऊकच नसतो. 'बोट लावीन तिथं गुदगुल्या' हे वाक्य तो पोरासारखे म्हणतो. ओशाळतो तो प्रेक्षक. पुष्कळदा चावट बोलण्याची सुरुवात नायिका करते आणि नायक भांबावून मागे सरकतो. उषा चव्हाण यांची ठसकेबाज नायिका या जोडीला फार लागू पडली. या सगळ्यामुळे सेन्सॉरचीही पंचाईत होई. शब्द तपासावेत तर शब्द साधे. अश्लील अर्थ तुमच्या मनातला, माझ्या वाक्यात तो दाखवा, असा कोंडके यांचा युक्तिवाद असे. त्यांच्या आणि सेन्सॉरच्या झटापटींचे किस्से ते स्वतः रंगवून सांगत.

आरंभीच्या चित्रपटांची नावे पाहिली तर ती लोकांच्या तोंडातल्या म्हणी आणि वाक्प्रचारांतून आलेली आहेत. 'एकटा जीव सदाशिव' जसेच्या तसे उचललेले, 'आंधळा मारतो डोळा' हे आंधळा मागतो एक डोळा या म्हणीला दिलेला चिमटा. नंतरची नावे 'मुका घ्या मुका', 'पळवा पळवी', 'येऊ का घरात', 'वाजवू का' अशी झाली. यांत म्हण उरली नाही, नुसता इशारा उरला. नायकाचे वयही आता झाकले जात नव्हते. पन्नाशी ओलांडलेला माणूस भाबडेपणा करू लागला की प्रेक्षक त्याला भाबडा मानत नाही, चावट मानतो, आणि तिथे विनोदाचा पाया खचतो. हिंदीत त्यांनी 'तेरे मेरे बीच में' (१९८४), 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में' (१९८६) असे चित्रपट काढले. त्यांची नावे गाजली, पण घाटावरच्या बोलीशिवाय तो सोंगाड्या उघडाच पडला.

काळही बदलला होता. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो कधी रीतसर मिटलाच नाही. दादर-लालबागच्या चित्रपटगृहांत शिट्ट्या वाजवणारा प्रेक्षक गावी परतला किंवा मिळेल त्या कामाला लागला. घरोघरी दूरदर्शन आणि नाक्यानाक्यावर व्हिडिओ आले. १९८५ च्या आसपास महेश कोठारे, सचिन, अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचा शहरी, धावपळीचा विनोद पुढे आला. त्यातले नायक भाड्याच्या खोल्या शोधत होते, पँट-शर्ट घालत होते. खेड्यातल्या जत्रांत, तंबूतल्या टुरिंग टॉकीजमध्ये मात्र दादांचे जुने चित्रपट पुढेही कित्येक वर्षे पडद्यावर येत राहिले.

संगीताच्या बाजूने कोंडके यांचे देणे मोठे आहे. 'पांडू हवालदार'साठी त्यांनी सुरेंद्र हेंद्रे आणि विजय पाटील या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या दोघांना घेतले आणि त्यांचे बारसे केले राम-लक्ष्मण. हेंद्रे लवकर वारले. पाटील यांनी एकट्यानेही तेच जोडनाव चालवले आणि 'मैंने प्यार किया' (१९८९) ला संगीत दिले. अमृतसरच्या महेंद्र कपूर यांचा आवाज कोंडके यांनी आपल्या नायकासाठी घेतला. पंजाबी गायकाकडून इतकी अस्सल गावरान मराठी गाऊन घेणे हे धाडसच होते, ते जमले. उषा मंगेशकर यांच्याबरोबरचे 'ढगाला लागली कळं' अजून वरातीत वाजते. २०१९ च्या 'ड्रीम गर्ल' या हिंदी चित्रपटासाठी ते नव्याने करण्यात आले. 'तुमचं आमचं जमलं'मधले 'अंजनीच्या सुता' हे तर हनुमान जयंतीला देवळाच्या भोंग्यावर लागते, आणि ऐकणाऱ्या पुष्कळांना ते दादांच्या चित्रपटातले आहे याची कल्पनाही नसते.

पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा वर्गाने त्यांना ग्राम्य ठरवले आणि मराठी चित्रपटाची अभिरुची बिघडवल्याचा ठपका ठेवला. यात काही तथ्य आहे, कारण त्यांची नक्कल करणाऱ्यांनी नाडी तेवढी उचलली आणि नाम्याचा भाबडेपणा सोडला. पण ज्या वर्षांत मराठी चित्रपटाला हिंदीपुढे चित्रपटगृह मिळणे मुश्कील होते, त्या वर्षांत पंचवीस-पंचवीस आठवडे घर भरवणारा नट हाच होता. सरकार-दरबारी मान त्यांना बेताचाच मिळाला.

अनिता पाध्ये यांनी शब्दांकन केलेले त्यांचे आत्मकथन 'एकटा जीव' या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात यशाच्या किश्श्यांबरोबर एकटेपणाविषयी, पैशाच्या व्यवहारांविषयी आणि सोबतच्या कलावंतांशी बिनसलेल्या संबंधांविषयी ते कडवटपणेही बोलतात. मुंबईत हृदयविकाराच्या झटक्याने १४ मार्च १९९८ रोजी त्यांचे निधन झाले.